पंधरा मिनिटं आणि वर दहा सेकंद

"हलव की बे!" बुद्धिबळाच्या पटाभोवती जमलेल्या सोलापूरकरांचा हा आवडता सल्ला. कोणती चाल करायची ते कुणी सांगत नाही, फक्त कर म्हणतात. चेष्टा सोडली तर रॅपिडपुरता, म्हणजे थोडक्या वेळाच्या डावापुरता, हा सल्ला निम्मा तरी बरोबर आहे. वर्षानुवर्षं क्लासिकल, म्हणजे तासन्‌तास चालणारे डाव, खेळून मुरलेला माणूस रॅपिडमध्ये हरतो, तो ज्ञान कमी पडलं म्हणून क्वचितच. सिसिलियन या ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, पंधरा चाली त्याला पाठ असतात, हत्ती-प्याद्यांच्या शेवटांवर तो तासभर बोलेल. त्याचा वेळ मात्र भलत्याच जागी खर्च झालेला असतो. दूध आटवलं की बासुंदी होते, क्लासिकल आटवून रॅपिड होत नाही.

जागतिक रॅपिड स्पर्धेत प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद मिळतात. चाळीस चालींचा डाव धरला तर ९०० अधिक ४००, म्हणजे १,३०० सेकंद. चालीला साधारण ३२. पण हे सगळ्या चालींना सारखं वाटायचं नसतं. पहिल्या दहा चाली तयारीतल्या असतील आणि पाच-पाच सेकंदांत झाल्या, तर घड्याळ कमी न होता १५ मिनिटं ५० सेकंदांवर जातं. पुढच्या तीस चालींत तीनदा अडीच-अडीच मिनिटं विचार केला, तरी उरलेल्या सत्तावीस चालींना प्रत्येकी जवळपास ३० सेकंद उरतात. दहाव्या चालीलाच घड्याळ १२ मिनिटांवर आलं असेल, तर दोष मधल्या खेळाचा नाही, ओपनिंगचा आहे.

आणि मोबाईलवर चालीमागे वाढीव सेकंद नसलेले दहा मिनिटांचे डाव खेळून रॅपिडची तयारी झाली असं समजू नये. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, मोजणीत दहा मिनिटं किंवा त्याहून कमी म्हणजे ब्लिट्झ, रॅपिड नव्हे. तिथे शेवटी समोरच्याचं घड्याळ पाडणं, म्हणजे त्याचा वेळ संपवणं, हेही कौशल्यच. वाढीव सेकंद मिळत असतील तर ते चालत नाही, डाव जिंकावाच लागतो. शिवाय स्क्रीनवर सपाट दिसणारा तिरका उंट खऱ्या पटावर उंच मोहऱ्यांच्या आड दडतो. सराव लाकडी पटावर आणि खऱ्या घड्याळावरच करावा. चाल ज्या हातानं केली त्याच हातानं बटण दाबायचं, हेही मग अंगवळणी पडतं.

रॅपिडमध्ये चाली लिहिण्याची सक्ती नसते, आणि बहुतेकांची सुधारणा इथेच अडते. डाव संपल्यावर पाच मिनिटांत तो आठवून वहीत उतरवावा. शेजारी दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या चालीला घड्याळात किती होतं तेही. वीसेक डाव झाले की वही बोलायला लागते. बहुधा ती एकच तक्रार करते: 'दोघांपैकी कुठला हत्ती मधल्या फाईलवर (उभ्या ओळीत) आणू' यावर तीन मिनिटं गेली आणि वजीर मारून शेवटाकडे वळायचा निर्णय दहा सेकंदांत झाला. पहिल्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं बऱ्याचदा चालतात. दुसरा निर्णय मागे घेता येत नाही. वजिरांची अदलाबदल, प्याद्यांची फोडाफोड, राजासमोरचं प्यादं हलवणं: मोठा विचार इथे खर्चावा, बाकी ठिकाणी ठीक वाटणारी पहिली चाल, समोरचा काय मारतोय एवढं तपासून, करून टाकावी.

कोड्यांचा सराव सगळेच करतात, पण कोडं म्हटलं की त्यात काहीतरी दडलंय हे आधीच कळलेलं असतं. डावात ते कुणी सांगत नाही. म्हणून मित्राकडून दहा स्थिती मांडून घ्याव्यात, त्यातल्या चारांत काहीही नसावं, आणि प्रत्येकीला ४० सेकंद. 'इथे काही नाही' असं वेळेत म्हणता येणं हे अनुभवी खेळाडूला सर्वात जड जातं. त्याला सगळीकडे मोहरा बळी द्यायची संधी दिसते.

शेवटांचं तेच. हत्ती-प्याद्यांच्या शेवटात डाव बरोबरीत सोडवणारा फिलिडोर बचाव सगळ्यांना माहीत असतो: बचाव करणाऱ्याचा हत्ती आपल्या काठापासून तिसऱ्या आडव्या ओळीत थांबतो, समोरच्याच्या राजाला पुढे येऊ देत नाही, प्यादं त्या ओळीत आलं की हत्ती थेट पलीकडच्या टोकाला जाऊन मागून शह देत राहतो. माहीत असलेला हा डाव एक मिनिट उरल्यावर चुकतो, कारण प्यादं पुढे येण्याआधीच घाबरून हत्ती हलतो. घड्याळावर एक मिनिट आणि दहा सेकंदांची वाढ लावून ही स्थिती संगणकासमोर आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी खेळावी, हात आपोआप चालेपर्यंत. ल्युसेना या हत्ती-प्याद्याच्या जिंकायच्या स्थितीचंही असंच.

एक गोष्ट घरी शिकता येत नाही: हरल्यावरची पुढची फेरी. भारताची ग्रँडमास्टर कोनेरू हंपी २०२४ साली न्यू यॉर्कला पहिलीच फेरी हरली आणि ११ पैकी ८.५ गुणांनी महिलांची रॅपिड जगज्जेती झाली. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला स्पर्धेला जाणाऱ्यांनी गाडीत मोबाईलवर ब्लिट्झ खेळत डोकं शिणवू नये, आणि दोन फेऱ्यांमध्ये हरलेला डाव इंजिनला, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणकाला, दाखवू नये. वहीत उतरवा, वही मिटा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी डब्यात असेल तर दुपारच्या फेरीआधी अर्धीच खा. उरलेली परतीच्या गाडीत चालते.