शातो गायारच्या उतारावरची माणसं

पॅरिसहून रिव्हर क्रूझने रुआँकडे निघालं की एका ठिकाणी सेन नदी मोठं वळण घेते, उजव्या काठाला खडूचे पांढरे कडे लागतात आणि त्यातल्या एका टोकावर शातो गायार हा पडका किल्ला दिसायला लागतो. खाली पाण्याला लागून घरांची रांग आणि चर्चचा टोकदार मनोरा. हे ले-झांदली. नॉर्मंडीतलं आठ-एक हजार वस्तीचं गाव, नदीकाठचं पती आंदली आणि थोडं आतलं ग्राँ आंदली मिळून झालेलं. मी टूर मॅनेजर आहे, आमचे ग्रुप मराठीच असतात, बहुतेक रिटायर्ड मंडळी, आणि या गावाला इटिनररीत जेमतेम अर्धा दिवस मिळतो. पण मला विचाराल तर अख्ख्या टूरमधला हा अर्धा दिवस मला सगळ्यात जास्त आवडतो.

सप्टेंबर अखेरची गोष्ट. लोकल गाईडचा सकाळीच फोन आला की ताप आहे, येत नाही. म्हटलं ठीक आहे, मीच नेते. तसंही आपल्या माणसांना किल्ला दाखवायचा म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं असतं, बालेकिल्ला कशाला म्हणतात, खंदक कशासाठी, हे सांगत बसावं लागत नाही. चढ तसा उभा आहे पण वीस-पंचवीस मिनिटांत माणूस वर पोचतो. पायवाटेवर पांढऱ्या खडूत काळ्या गारगोट्या रुतलेल्या दिसतात, आमच्यातल्या एका काकांनी तर दोन-तीन उचलून घासूनही बघितल्या. हे काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, त्यामुळे त्यांचं अर्धं लक्ष किल्ल्याकडे आणि अर्धं खाली नदीकडे.

वर गेल्यावर मी नेहमीची गोष्ट सुरू केली. इंग्लंडचा राजा रिचर्ड, ज्याला लायनहार्ट म्हणतात तो, नॉर्मंडीचाही ड्यूक होता. तो क्रुसेडवरून, म्हणजे धर्मयुद्धावरून, परतताना कैदेत अडकला तेव्हा फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्टस याने 1193 मध्ये त्याचा गिझोरचा किल्ला घेतला, म्हणजे नॉर्मंडीच्या राजधानीकडे, रुआँकडे, जाणारा रस्ता उघडा पडला. 1196 च्या तहात आंदलीला तटबंदी करायची नाही असं ठरलेलं, तरी रिचर्डने त्याच वर्षी बांधकाम काढलं. जागा होती रुआँच्या आर्चबिशपची आणि इथून जाणाऱ्या बोटींच्या जकातीवर त्याचं उत्पन्न, त्यामुळे तो इतका चिडला की त्याने अख्ख्या नॉर्मंडीत चर्चचे सगळे विधी बंद करून टाकले, प्रेतं पुरायची राहिली, प्रकरण पोपपर्यंत गेलं, शेवटी रिचर्डने त्याला बदल्यात दिएप बंदर, लुव्हिए आणि रुआँच्या गिरण्या दिल्या तेव्हा मिटलं. आणि एवढा किल्ला 1198 पर्यंत म्हणजे दोनेक वर्षांत उभा! खर्च अंदाजे 12,000 पौंड, त्याने आपल्या पूर्ण कारकिर्दीत इंग्लंडमधल्या किल्ल्यांवर मिळून केला त्याहून जास्त. पुढच्याच वर्षी तो बाण लागून मेला, आणि किल्ला त्याच्या भावाकडे, जॉनकडे आला.

बालेकिल्ल्याची तटबंदी बघण्यासारखी आहे, सरळ भिंत नाहीच, अर्धगोल बुरुज एकाला एक चिकटवत नेल्यासारखी, म्हणजे दगड आदळला तरी सपाट जागा मिळू नये. आमचे काका त्या भिंतीवरून हात फिरवत बराच वेळ उभे होते.

मग वेढ्याची गोष्ट. 1203 च्या उन्हाळ्याअखेर फिलिप आला. खाली नदीत रिचर्डने बेटावर छोटा कोट बांधलेला, पात्रात लाकडी खांबांच्या रांगा ठोकलेल्या. जॉनने मदत पाठवली ती दोन्हीकडून, रात्री जमिनीवरून फौज आणि नदीतून बोटी, पण बोटींना उलट्या प्रवाहात वल्हवत यावं लागलं, त्या उशिरा पोचल्या, तोवर जमिनीवरची फौज मार खाऊन मागे फिरली होती. मग फ्रेंचांकडचा गोबेर नावाचा पट्टीचा पोहणारा निखारे भरलेली बंद मडकी घेऊन बेटाकडे गेला आणि तिथली लाकडी तटबंदी पेटवून दिली. बेट पडलं, आणि पती आंदलीची सगळी माणसं, हजाराच्या वर, बायकापोरांसकट वर किल्ल्यात पळाली.

इथपर्यंत सगळे मजेत ऐकत होते.

किल्लेदार रॉजर द लेसी. त्याने धान्याचा हिशोब केला आणि लढू न शकणाऱ्यांना बाहेर काढायला लागला. पहिले पाचशे गेले, फ्रेंचांनी जाऊ दिलं. पुढचे पाचशेही सुटले. मग फिलिपने हुकूम दिला की आता एकालाही सोडायचं नाही, कारण ते आत राहिले तर धान्य लवकर संपणार. त्यानंतर बाहेर आलेले शेकडो लोक वेढा आणि तट यांच्या मधल्या उतारावर अडकले. पुढे गेले तर फ्रेंचांचे बाण, मागे दरवाजा बंद. अख्खा हिवाळा. फिलिपचा पाद्री गियोम ल ब्रेताँ तिथे हजर होता, त्याने लिहून ठेवलंय सगळं, गवत, किल्ल्यातून हाकललेली कुत्री, जे मिळेल ते खाल्लं. शेवटी फिलिपने स्वतः बघितलं आणि त्यांना सोडा, खायला घाला म्हणाला. पण अन्न मिळाल्यावरही पुष्कळ दगावले.

मी पुढे जाणार होते, किल्ला कसा पडला ते सांगायला, तो भागही भारी आहे, मधल्या कोटात फ्रेंच शिपाई कुठून शिरले, चर्चच्या खिडकीतून की संडासाच्या मोरीतून, यावर अजून वाद आहे. पण ग्रुपमधल्या एक काकू, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, त्यांनी मला थांबवलं. "अगं, काय खायला दिलं त्यांना? आणि किती?"

मी म्हटलं काकू, पोटभर दिलं असणार.

"म्हणूनच गेले ते."

आणि मग त्यांनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला त्या मेळघाटाकडे होत्या, कुपोषित मुलांच्या वॉर्डात. खूप दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम जेवायला घालायचं नसतं, शरीरातले क्षार आधीच संपत आलेले असतात, अन्न पोटात गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपकन खाली येतं आणि हृदय बंद पडू शकतं, म्हणून दोन-दोन तासांनी मोजून थोडं थोडं दूध द्यायचं, आई कितीही रडली तरी भाकरी द्यायची नाही. "ते लोक देवाच्या कोपाने नाही गेले, की नुसत्या थंडीनेही नाही गेले. भाकरी देणाऱ्याने चांगल्या मनानेच दिली असेल गं," एवढं बोलून त्या तिथल्या दगडावर बसल्या.

मी इतकी वर्षं ही गोष्ट सांगतेय, पुस्तकं वाचलीत, पण "अन्न मिळाल्यावरही दगावले" हे वाक्य मी फक्त शोकांतिका म्हणून सांगायचे. आठशे वर्षांपूर्वीच्या पाद्रीने जे डोळ्यांनी बघून लिहिलं त्याचं कारण एका मराठी नर्सने त्याच उतारावर बसून सांगितलं. अंगावर काटा आला माझ्या, आणि आजूबाजूला कोणी काही बोलेना. मग काकूंनीच विचारलं की ते लोक राहायचे ती घरं कुठली? मी खाली बोट दाखवलं. म्हणाल्या चला, तिकडे जाऊ.

बाकी किल्ला आम्ही बघितलाच नाही. कोणी तक्रारही केली नाही.

पती आंदली हे गाव मुळात रिचर्डनेच किल्ल्याबरोबर आखून वसवलेलं, त्यामुळे रस्ते अजून सरळ आहेत. सँ-सोव्हर चर्च त्याच काळातलं, छोटंसं, आत 17 व्या शतकातला ऑर्गन. लोक वर अडकलेले असताना त्यांच्या घरांत फ्रेंच येऊन राहिले होते. 6 मार्च 1204 ला किल्ला पडला, जूनमध्ये रुआँ पडलं आणि नॉर्मंडी फ्रान्सची झाली, इतिहासात एवढंच येतं, उतारावरच्यांपैकी एकाचंही नाव कुठे नाही. त्याच गावाने पुढे 1594 मध्ये निकोला पुसाँ हा चित्रकार दिला, 1886 मध्ये सिन्याक या चित्रकाराने इथेच बसून हा काठ ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवला, जून 1940 च्या बॉम्बिंगमध्ये ग्राँ आंदलीचा मधला भाग गेला, हे सगळं मी चर्चच्या पायरीवर उभं राहून भराभर सांगितलं. काकू आत एक मेणबत्ती लावून आल्या.

संध्याकाळी बोट सुटल्यावर काका माझ्याकडे आले. त्यांच्या डोक्यात दिवसभर त्या उशिरा पोचलेल्या बोटीच. त्यांना सांगितलं की पुढे पोझला बंधारा आणि लॉक (बोटी वर-खाली नेण्याचा दरवाज्यांचा हौद) आहे, समुद्राची भरती आता तिथपर्यंतच येते, पण हा बंधारा 19 व्या शतकातला, 1203 मध्ये तसलं काहीच नव्हतं. मग ते डेकवरच कागद घेऊन बसले, म्हणाले तेव्हा भरती वरपर्यंत चढत असणार, ती साधली असती तर बोटी वेळेत पोचल्या असत्या. आणि बोटी पोचल्या असत्या तर गाव वर पळालंच नसतं. रात्री जेवायच्या टेबलावर त्यांनी तो कागद काकूंना दाखवला, आणि दोघं कितीतरी वेळ त्यावरच बोलत होते.

त्यानंतरच्या प्रत्येक ग्रुपला मी आधी पती आंदलीच्या रस्त्यांवरून फिरवते आणि मग वर नेते. उतारावर थांबून ते पाचशे, ते दुसरे पाचशे आणि मग अडकलेले, अशी गोष्ट सांगते, आणि काकूंनी सांगितलेलं फॉस्फेटचंही सांगते.