पुण्याहून स्पीतीला डिझेल व्हॅनने: काझाच्या थंडीत बंद पडलेले हीटर प्लग

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं जुन्या डिझेल व्हॅनने पुण्याहून निघालो. चंदीगड, रामपूर, कल्पा, नाको, ताबो, काझा असा रस्ता. किन्नौरच्या सफरचंदांबद्दल आणि ताबोच्या मठाबद्दल बरंच लिहिता येईल, पण इथे लिहायचंय ते हीटर प्लगबद्दल, म्हणजे थंडीत डिझेल इंजिन सुरू व्हावं म्हणून आत उष्णता देणाऱ्या विजेच्या छोट्या प्लगबद्दल. डिझेल गाडी घेऊन थंडीत वर जाणाऱ्याला त्याचा उपयोग जास्त होईल.

पहिली सूचना ताबोला मिळाली होती. सकाळी तीनचार सेल्फ मारल्यावर गाडी सुरू झाली, मिनिटभर थरथरली आणि मागून पांढरा धूर आला. इंजिन तापल्यावर सगळं सुरळीत झालं, म्हणून आम्ही पुढे निघालो. तिथेच थांबून तपासायला हवं होतं.

काझाची उंची सुमारे ३६५० मीटर. रात्री पारा उणे सातवर गेला. सकाळी गाडी सुरू होईना. आमच्या चौघांतल्या मामांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली आहे. त्यांनी आधी मला किल्लीवरून हात काढायला लावला. बॅटरी उतरली तर तपासणीही थांबते.

"धूर येतोय का बघ," ते म्हणाले. येत होता, पांढरा आणि कच्च्या डिझेलच्या वासाचा. तिथेच अर्धं निदान झालं. टाकीत रामपूरचं डिझेल होतं, ते गोठलं असेल अशी मला भीती होती. (लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं, ते यासाठीच.) पण डिझेल गोठून फिल्टर तुंबला असता तर इंजिनापर्यंत काही पोचलंच नसतं आणि धूरही आला नसता. पांढरा धूर म्हणजे डिझेल येतंय, पण पेटत नाही.

डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. काझाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाहूनही थोडा कमी, त्यात हवा आणि इंजिनाचं लोखंड दोन्ही गारठलेलं. अशा वेळी हीटर प्लगचं लाल तापलेलं टोकच डिझेल पेटवतं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटेही दहाबारा अंश असतात. तिथे चारातले दोन प्लग मेलेले असले तरी गाडी किंचित कुरकुरून सुरू होते. म्हणजे हा बिघाड आम्ही घरूनच बरोबर नेला होता.

डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा रोज नीट लागत आणि विझत होता. जुन्या गाड्यांत तो फक्त टायमरची वेळ दाखवतो. प्लग तापले की नाही, हे त्याला माहीतच नसतं.

मामांनी वीज जिथून येते तिथून तपासायला सुरुवात केली. हीटरचा मोठा पट्टी-फ्यूज शाबूत होता. किल्ली फिरवली की रिलेचा (प्लगना वीज जोडणाऱ्या स्विचचा) 'टक्' आवाज येत होता. प्लग जोडणाऱ्या पट्टीवर मल्टिमीटरने ११ व्होल्टच्या वर दाखवले. इथे काहीच आलं नसतं तर दोष फ्यूज, रिले, टायमर किंवा वायरिंगमध्ये शोधावा लागला असता. वीज पोचत होती, म्हणजे संशय प्लगवर.

इथे बरेच जण चुकतात. पट्टी काढल्याशिवाय प्लग मोजू नका. चारही प्लग त्या पट्टीने जोडलेले असतात, त्यामुळे एक चांगला असला तरी मेलेलाही चांगलाच दिसतो. आम्ही चारही नट काढले, पट्टी बाजूला केली आणि एकेक प्लग मोजला. दोन एक ओहमच्या आसपास आले, दोन पूर्ण उघडे, म्हणजे आतून तुटलेले. मीटरच्या वायरी आधी एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा, नाहीतर इतक्या लहान मापात फसाल. मीटर नसेल तर टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक प्लगला. दिवा लागला नाही तर प्लग मेला.

काझात आमच्या गाडीचे प्लग मिळाले नाहीत. पट्टीवरचा हिरवा गंज घासला, नट आवळले आणि व्हॅन उन्हात ठेवली. साडेदहाला एका टॅक्सीवाल्याच्या बॅटरीची जोड घेतली, दोनदा पूर्ण हीट दिली आणि मग सेल्फ मारला. गाडी सुरू झाली. त्याआधी एकाने मदतीच्या भावनेने स्टार्टिंग स्प्रे आणला होता. मामांनी हात जोडून नको म्हटलं. तापलेल्या प्लगवर तो फवारा पिस्टन वर येण्याआधीच भडकतो, त्यात रिंगा आणि पिस्टन फुटू शकतात.

पुढच्या दोन रात्री व्हॅन तोंड पूर्वेला करून लावली आणि बॉनेटवर घोंगडी टाकली.

चारही नवे प्लग रामपूरला बसवले. दोनच बदलू नका, बाकीचे दोनही तेवढेच जुने असतात. प्लग काढायचे ते इंजिन कोमट असताना, गंज सोडवणारं तेल आधी मुरवून. आमचा तिसरा प्लग अडला. मामांनी वीस मिनिटं तो थोडा सैल, थोडा घट्ट असा हलवत सोडवला. जोर केला असता तर तो मोडून हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) राहिला असता, मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं. नवे बसवताना आधी हाताने आटे लावा, नंतर गाडीच्या पुस्तकात दिलं असेल तेवढंच आवळा. नव्या कॉमन रेल (एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणाऱ्या) गाड्यांचे प्लग बऱ्याचदा पाचसात व्होल्टचे असतात. ते तपासायला थेट बॅटरीला जोडलेत तर जळतील.

परतताना मुक्काम नारकंडाला, सुमारे २७०० मीटरवर. पहाटे काचेवर दव गोठलं होतं. मामांनी दिवा विझेपर्यंत वाट पाहिली आणि पहिल्याच सेल्फला व्हॅन सुरू झाली. जुन्यांतले दोन चालू प्लग आता कापडात गुंडाळून हत्यारांच्या डब्यात ठेवले आहेत, शेजारी मल्टिमीटर आणि एक जादा पट्टी-फ्यूज.