गंज

12 जुलै, मालवण

मासेमारीची बंदी 31 तारखेपर्यंत. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि माझ्या शेडमध्ये दुरुस्तीच्या कामांमुळे बसायलासुद्धा जागा नाही. दुपारी पाऊस पत्र्यावर कोसळत असताना भाचा आला. मनगटाला पट्टी. आईला सांगितलंय, हॉस्टेलच्या जिन्यावरून घसरलो. मला खरं सांगितलं, आणि लगेच, "आवशीक सांगू नको हां."

2021 च्या ऑक्टोबरात चिपीचा विमानतळ सुरू झाला, तेव्हा याला मोटरसायकलवर मागे बसवून विमान दाखवायला मीच नेलं होतं. ताई अजून ते विसरलेली नाही.

तर झालं असं. चार सीटचं एका इंजिनाचं शिकाऊ विमान, आत हा एकटा. उतरताना वेग 65 नॉट. (मला किलोमीटर करून सांगावं लागलं नाही, नॉट आमच्याकडचेच.) मागची दोन चाकं नीट टेकली. नाक हलकेच खाली आलं, पुढचं चाक थडथडायला लागलं आणि एकदम आडवं फिरलं. पाय दुमडला, पंखा धावपट्टीवर आपटून वाकला, विमान नाकावर घसरत थांबलं. याने पेट्रोल तोडलं, इंजिनाला ठिणगी देणारे मॅग्नेटो बंद केले, मेन स्विच बंद केला आणि बाहेर पडला. शिकवलेलं सगळं केलं. कोणी विचारलं तर लोक म्हणतील विमान कोसळलं. खरं तर ठेच लागून पडलं.

पण तो स्वतःचीच चूक धरून बसलाय. "मामा, माझाच चुकला. जोरात टेकवलंय मी." तीन रात्री झोप नाही म्हणतो.

मी म्हटलं, तुटलेलं काय ते दाखव. मोबाइलवर फोटो होता. पुढच्या पायाच्या वरच्या आणि खालच्या नळीला जोडणारी कात्रीसारखी दुमडती पट्टी असते, टॉर्क लिंक. ती चाकाला सरळ धरून ठेवते. तिचा बोल्ट तुटलेला. फोटो मोठा केला आणि मला हसूच आलं, कारण असे बोल्ट मी पोत्याने पाहिलेत. कडेला गंजाचा मोहरीएवढा खळगा. तिथून आत अर्धगोल रेषा, एकीपुढे एक, ओहोटीचं पाणी मागे सरताना वाळूवर सोडतं तशा. त्यांच्यापुढे उरलेला भाग दाणेदार, चकचकीत, साखरेसारखा. तेवढाच त्या दिवशी तुटलेला. काळपट रेषा जुन्या. प्रत्येक दणक्याला चीर थोडी थोडी पुढे सरकलेली.

"ही एका दिवसाची मोड न्हय," मी म्हटलं. "तुझ्याआधी कितीजणांनी ह्या चाक आपटल्यानी आसतला." शेवटचा दणका मात्र तुझा, हेही सांगितलं. खोटा धीर द्यायला मला जमत नाही. तो बराच वेळ फोटोकडे बघत राहिला.

मग विचारलं, ही चीर आधी दिसली असती का? नुसत्या डोळ्यांनी नाही. विमानवाल्यांकडे चिरेत शिरणारा लाल रंग असतो. आमच्याकडे रॉकेल आणि खडू: रॉकेल चोपडायचं, मुरू द्यायचं, कोरडं पुसून वर खडू फासायचा. चीर असली तर आतलं रॉकेल झिरपून खडूवर काळी रेघ उमटते. जुन्या काळी रेल्वेच्या कारखान्यांतही डब्यांचे आस असेच तपासत. पण त्यासाठी बोल्ट काढावा लागतो, आणि चालत्या यंत्राचा बोल्ट काढायला कोणाच्या जिवावर येत नाही? माझ्याही येतं.

त्याने करून बघायचं म्हटलं. समोर एका होडीचा शाफ्ट पडला होता. पट्टीच्या हातानेच रॉकेल लावलं, पुसलं, खडू फासला. आम्ही दोघं ओणवे होऊन बघत राहिलो. काही उमटलं नाही. त्याने पुसून पुन्हा फासला.

तेवढ्यात ताई छत्री सावरत चहा घेऊन आली. "काय शोधतास रे दोघा?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं.

"गंज," मी म्हटलं.