हॉलच्या छतावरचे पट्टे

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट आहे, पण वरच्या मजल्याचं काम आलं की अजून तीच आठवते म्हणून एकदा लिहूनच काढतोय. मी पुण्यात रंगकामाची कामं घेतो. १९ वर्षं झाली, त्यातली पहिली ८ दुसऱ्याच्या हाताखाली. एरवी माझ्याकडे चार-पाच माणसं असतात, दसरा ते दिवाळी आठ-नऊ, कारण त्या वीस दिवसांत सगळ्या पुण्याला घर रंगवायचं असतं आणि सगळ्यांना धनत्रयोदशीच्या आत पाहिजे असतं.

काम होतं कोथरूडला, जुनी सोसायटी, चौथा म्हणजे शेवटचा मजला. रिटायर्ड काका-काकू. हॉल १८ बाय ११. फॉल्स सीलिंग नाही, सरळ स्लॅब, आणि काकूंची एकच अट होती की छत एकसारखं दिसलं पाहिजे, कारण मुलाने बाल्कनीकडच्या पडद्याच्या पेल्मेटवर, म्हणजे पडद्याच्या वरच्या लाकडी पेटीवर, एलईडीची पट्टी लावून दिली होती. पट्टी छतापासून जेमतेम चार इंच खाली. ज्यांनी हे काम केलंय त्यांना लगेच कळेल याचा अर्थ काय. उजेड समोरून पडला की भिंत कशीही असली तरी चालून जाते, पण उजेड छताला घासत गेला की पोस्टकार्डाएवढा जाड उंचवटासुद्धा सावली टाकतो. लोक लाइट लावताना हा विचार करत नाहीत, इलेक्ट्रिशियनही सांगत नाही, आणि नंतर सगळे पेंटरकडे बघतात.

मी काकूंना तेव्हाच सांगितलं की रंग कुठल्या कंपनीचा घेताय त्याने फार फरक पडत नाही, घासाईला, म्हणजे रंगाच्या आधी छत घासून सपाट करायला, दिवस द्या. त्यांनी दिले, हे त्यांचं मोठेपण. नाहीतर बहुतेक लोक स्क्वेअर फुटाचा रेट विचारतात आणि जो दोन रुपये कमी सांगतो त्याला काम देतात. ते दोन रुपये घासाईतूनच जातात हे कोणाला दिसत नाही.

छतावर चुन्याचे आणि डिस्टेंपरचे किती थर होते देव जाणे. सगळं ओलं करून खरवडलं, दोन दिवस. चुना राहिला तर वरची लांबी, म्हणजे पुट्टी, त्याला धरते, स्लॅबला नाही, आणि ओला रोलर फिरला की पापडासारखी सुटून येते, म्हणून त्यात मी कधीच घाई करत नाही. मग लांबीचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडवा. लांबी कालवायची ती दोन तासांत संपेल एवढीच. घट्ट झाली म्हणून त्यात परत पाणी मारून वापरणारे कारागीर आहेत, ती लांबी नंतर पावडर होऊन हाताला लागते. सुकल्यावर १८० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर ३२० चा, म्हणजे आणखी बारीक. आणि घासताना ट्यूबलाइटवर विश्वास ठेवायचा नाही, हातातला दिवा छताला टेकवून आडवा धरायचा. मी तर बाल्कनीच्या बाजूने धरायला लावला, म्हणजे काकूंची पट्टी जिथून उजेड टाकणार तिथूनच. जिथे सावली दिसेल तिथे पेन्सिलीने गोल. बॉलपेन अजिबात नाही, त्याची शाई रंगाच्या दोन हातांतूनही वर येते. ते गोल परत भरायचे, परत घासायचे. मग पांढरी भुकटी ओलसर फडक्याने पुसून घ्यायची, नाहीतर प्रायमर त्या भुकटीवरच बसतो. हे सगळं करणारा माझ्याकडचा सगळ्यात लहान पोरगा होता, परभणीकडचा, विशीतला. खांद्यांवर पांढरं पीठ पडलेलं, मान वर करून आठ-आठ तास. प्रायमर मारल्यावर दिवा लावून बघितलं तर छत कागदासारखं होतं. खरं सांगतो, इतकी चांगली घासाई माझ्या कामांवर फार कमी वेळा झालीये.

पहिला हात सकाळी दहाला मारला, छान बसला. दुसरा हात दुसऱ्या दिवशी सकाळीच मारायचा होता, पण मी त्या पोराला आणि कडा-कोपरे ब्रशने मारणाऱ्या त्याच्या जोडीदाराला सकाळी बाणेरच्या साइटवर नेलं कारण तिथला मालक फोनवर फोन करत होता. ते कोथरूडला परत आले दुपारी. सोसायटीचा नियम दोन ते चार काम बंद. हा नियम ड्रिल मशीनसाठी ठीक आहे, रोलरचा कुठे आवाज येतो, पण वॉचमन गेटवरच अडवतो. म्हणजे छताचा शेवटचा हात सुरू झाला चारला. मी तिथे नव्हतो.

संध्याकाळी सातला पोचलो. काकूंनी पेल्मेटची पट्टी लावली आणि मला घाम फुटला. बाल्कनीपासून आतल्या भिंतीपर्यंत साधारण अडीच-अडीच फुटांचे सात पट्टे आणि त्यांच्यामधले सहा जोड. मी मोजले. जोडावर रंग जाड, थोडा चमकणारा, आणि जोडाच्या बाजूला रोलरच्या खरखरीत रेषा. काकू काही बोलल्या नाहीत, काका म्हणाले, "अहो, हे असंच राहणार का?"

मी सरळ पोराकडे वळलो. काका-काकूंच्या समोर. म्हटलं रोलर दाबून मारलास, मध्ये फोन बघत बसलास, कड वाळू दिलीस. तो म्हणाला, "नाही दादा, दाबला नव्हता म्या. मध्ये थांबलो पण नाही." मी म्हटलं मग हे काय आपोआप झालं? दोन दिवसांची हजेरी कापली, तिथल्या तिथे सांगून. तो गप्प उभं राहायच्या घोडीवरून रोलर उतरवून धुवायला गेला. त्याच्या जोडीला ब्रशने कोपरे कापणारा होता तो मध्ये बोलायला लागला, त्यालाही मी गप्प केलं.

जे हे काम करत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, छत रंगवताना सगळा खेळ ओल्या कडेचा असतो. एक पट्टा मारला की त्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा सहा इंच त्याच्यात शिरला पाहिजे, आणि मग न दाबता, नुसत्या रोलरच्या वजनाने, एक हलका हात उजेडाकडे काढायचा म्हणजे दोन पट्टे एकमेकांत विरतात. कोपरे कापणाराही चार-पाच फुटांपेक्षा पुढे गेला नाही पाहिजे, नाहीतर कडेने चौकट दिसते. पूर्ण हॉलचा रंग एकाच बादलीत, पाणी मगाने मोजून. एकदा सुरू केलं की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत थांबायचं नाही. हे सगळं मला पाठ आहे, म्हणून मला वाटलं पट्टे आले म्हणजे पोराने यातलंच काहीतरी चुकवलं.

असं छत टचअपने सुटत नाही. जोडावर नुसता रंग लावला तर तिथे आणखी एक डाग तयार होतो, कारण नवा रंग आणि जुना रंग उजेड वेगळा फेकतात. पूर्ण छतच परत. दुसऱ्या दिवशी मी दुसरा माणूस घेऊन गेलो, पोरगा म्हणाला मला बरं नाही. सकाळपासून जोडांचे उंचवटे ३२० ने घासून बसवले, पुसले, जेवलो, दोन ते चार तसेच बसून राहिलो आणि चारला मी स्वतः रोलर घेतला. माझ्याच हाताने मारणार म्हणजे प्रश्नच नाही असं मनात होतं. रोलर नवा, चिकटपट्टीने त्याचे सुटे केस काढलेले, धुतलेला. फॅन बंद. पहिला पट्टा गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला रोलर ओढायला लागला. हाताला कळतं ते, रोलर फिरायच्या ऐवजी चिकटून चिकटून सुटतो आणि चर्र असा आवाज येतो. मी हात वाढवला, जोडीदाराला पळवलं, बादलीत अजून पाणी घातलं. चौथ्या पट्ट्याला मागची कड बघितली तर ती मॅट झालेली, म्हणजे वाळलेली. इतक्या लवकर? जेमतेम काही मिनिटंच झाली असतील.

त्या दिवशी दरवाजांना ऑइल पेंट मारायला मामा आले होते. मामा म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते, आता सत्तरीला आलेत, फक्त दरवाजे-खिडक्या करतात. ते पॅसेजमधून बघत होते. मी चिडून म्हटलं, मामा रंगच खराब आलाय बहुतेक. ते म्हणाले, "रंगाचं राहू दे. वर हात लाव."

घोडीवर उभं राहून जिथे अजून रंग नव्हता तिथे तळवा टेकवला. स्लॅब गरम होता. कोमट नाही, आत्ताच इस्त्री केलेल्या शर्टासारखा गरम. वरती गच्ची, ऑक्टोबरचं ऊन, ढग नाहीत, वारा कोरडा. दिवसभराचं ऊन गच्चीवरच्या ब्रिकबॅटच्या, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या, कोब्यातून आणि स्लॅबमधून खाली यायला चार-पाच तास घेतं, म्हणजे घरातलं छत सगळ्यात जास्त तापतं ते बाराला नाही, चार ते सहाला. आम्ही बरोबर त्या वेळेला दोन दिवस रंग मारत होतो. गरम स्लॅबने रंगातलं पाणी क्षणात उडवलं, कड ओली राहणार कुठून? मामा म्हणाले, आम्ही चुना मारायचो तेव्हा वरचा मजला असला तर सूर्य वर यायच्या आत छत उरकायचं, उस्ताद सांगायचा नाही, मारायचा. हे मला त्यांनी शिकताना सांगितलं असणार, मीच विसरलो. मधली किती वर्षं माझी बहुतेक कामं फॉल्स सीलिंगची किंवा मधल्या मजल्यांची, तिथे छत तापतच नाही.

मी तसंच अर्धं ठेवणार नव्हतो म्हणून ते छत पूर्ण केलं, पट्टे येणार हे माहीत असून, कारण मध्ये थांबलं तर अजून वाईट. मग सेक्रेटरींकडे गेलो. ते आधी नियमावलीच दाखवत होते, पण त्यांना घरी बोलावून पट्टी लावून छत दाखवलं आणि रोलर फिरवून आवाज ऐकवला, तेव्हा कुठे एक दिवस सकाळी लवकर यायची परवानगी मिळाली. रात्री बाल्कनी उघडी ठेवायला सांगितली. सकाळी साडेसहाला परत घासलं, पुसलं, सव्वासातला तळवा टेकवला तर छत गार, बादलीत पाणी थोडंसं जास्त, आणि पहिल्या पट्ट्यापासून रोलर असा फिरला की जोड कुठे पडला ते मलाच शोधावं लागत होतं. पाऊण तासात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. संध्याकाळी काकूंनी पट्टी लावली. आम्ही सगळे मान वर करून उभे. एक रेष नाही. आणि ती सपाटी माझ्या रोलरची नव्हती, रोलरने फक्त ती बिघडवली नाही. खालची घासाई पोराची होती.

काकूंनी चहा दिला आणि सहज म्हणाल्या, तुमचा तो लहान मुलगा का नाही आला, परवा सारखा म्हणत होता काकू वर डोकं तापतंय, दोनदा रुमाल ओला करून घेतला त्याने. मला चहा गिळवेना. त्याचं डोकं छतापासून दीड-दोन फुटांवर होतं, तासभर. त्याला ते कळत होतं. मी त्याला विचारलं काय, तर फोन बघत होतास का. जोडीदार मध्ये बोलायला आला होता तो बहुतेक हेच सांगत होता.

मी त्याच रात्री कापलेली हजेरी आणि वर दिवाळीचे पैसे पाठवले, फोन केला, सांगितलं की तुझी काही चूक नव्हती, स्लॅब तापला होता. तो म्हणाला, "बरं दादा." एवढंच. गावाला गेला आणि दिवाळीनंतर माझ्याकडे आला नाही. हिंजवडीला दुसऱ्याकडे करतो असं ऐकलं. काका-काकूंना मी सगळं खरं सांगितलं, पण तो तेव्हा तिथे नव्हता. बोललो होतो त्याला त्यांच्या समोर, उभा करून, आणि चूक कबूल केली फोनवर.

आता शेवटचा मजला असेल तर छताचे दोन्ही हात सकाळी नऊच्या आत, आणि ज्या सोसायट्या ऐकत नाहीत तिथे मी काम घेतानाच सांगतो की छत एकसारखं पाहिजे असेल तर सेक्रेटरींशी तुम्ही बोला. रोलर हातात घेणाऱ्याला मी आधी वर हात लावायला सांगतो आणि काय लागलं ते विचारतो. मागच्या आठवड्यात सिंहगड रोडला एक नवीन पोरगा म्हणाला, "दादा, गरमच आहे." सकाळचे फक्त साडेआठ झाले होते. आम्ही झाकणं लावली आणि बेडरूमच्या भिंती घासायला घेतल्या.