ट्रॉम्सोच्या आकाशातला लाल रंग

नॉर्वेतलं ट्रॉम्सो ६९ अंश उत्तरेला, ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखालीच वसलंय. सूर्य शांत असला तरी इथे निरभ्र रात्री बहुधा काहीतरी दिसतंच. फेब्रुवारीत आम्ही शहराचे दिवे टाळून क्वालोया बेटावर, फियॉर्डच्या काठी जाऊन उभे राहिलो. थंडीबद्दल लिहीत नाही, ती असणारच.

डोंगरामागून आधी पांढुरका पट्टा वर आला, मग हिरवा झाला आणि त्याला पडद्यासारख्या चुण्या पडल्या. खालची कड क्षणभर गुलाबी होऊन सळसळत गेली. सगळे त्या कडेकडे बघत होते; माझी नजर वरच्या मंद लालीवर होती. मला तीच सगळ्यात सुंदर वाटते, आणि तिचं कारण तर त्याहून सुंदर आहे.

सूर्यवारा, म्हणजे सूर्याकडून सतत येणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र रात्रीच्या बाजूला शेपटीसारखं ताणतो. तिथल्या क्षेत्ररेषा तुटून पुन्हा जुळतात, तेव्हा सुटलेल्या ऊर्जेने इलेक्ट्रॉन वेग घेतात आणि ध्रुवांजवळच्या हवेवर आदळतात. धक्का बसलेला ऑक्सिजनचा अणू हिरवा उजेड साधारण पाऊण सेकंदात देतो. लाल उजेडासाठी त्याच अणूला जवळजवळ दोन मिनिटं लागतात! शंभर-सव्वाशे किलोमीटरवर त्याला एवढी सवड कुठली? त्याआधीच शेजारच्या कणाशी टक्कर होते आणि ऊर्जा निघून जाते. दोनशे किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ, की अणू तेवढा वेळ निवांत राहू शकतो. म्हणून लाल नेहमी वर. खालची गुलाबी कड नायट्रोजनची; जोरकस इलेक्ट्रॉनच तिथवर पोचतात.

गाईडच्या फोनवर चुंबकमापकाचा आलेख होता. वर प्रकाश उसळला की आलेखाची रेघ खाली कोसळायची, कारण तिथे वाहणारे विद्युतप्रवाह जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्रही हलवतात. ती रेघ पाहून मला मुंबईतलं कुलाबा आठवलं. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळात कुलाब्याच्या वेधशाळेने चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (नॅनोटेस्ला हे या क्षेत्राच्या मोजमापाचं एकक) घसरण नोंदवली होती. त्या वादळाच्या अभ्यासात ती नोंद आजही वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं, आणि ते तिथे अजून चालू आहे. शाळेच्या सहली अलिबागचा किल्ला बघून परततात. मुलांना या वेधशाळेबद्दलही सांगायला हवं.