चोकची तार का तापली

आमची प्रीमियर पद्मिनी गाडी १९८६ची, वडिलांनी घेतलेली. स्टिअरिंगला गिअर, डॅशबोर्डवर थंड इंजिन सुरू करताना ओढायचा चोक. गेल्या पावसाळ्यात तिनं सकाळी उठायचंच सोडलं. किल्ली फिरवली की 'घर्र... घर्र...', मग एक 'कट्', संपलं. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात धक्का मारायला माणसं मिळतात, प्रत्येकाबरोबर एक निदानही फुकट येतं.

"बॅटरी गेली भावा," हे पहिलं. दुकानदारानं मीटर न लावताच नवी बॅटरी गळ्यात मारली. दोन दिवस बरे गेले, मग परत घर्र. स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, उतरवून उद्यमनगरात नेला. कार्बन ब्रश झिजले होते, बुश ढिला होता, दोन्ही बदलले. मिस्त्रीनं टेबलावर थेट बॅटरी जोडली तर असा गरगरला की शिकाऊ पोरगं मागं सरकलं. गाडीत बसवला. घर्र.

मग माझीच सटकली. मीटर काढला. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. मुलाला मीटर बघायला बसवलं, किल्ली मारली. "११.३, पप्पा." इथं मी अडलो. बॅटरी मेलेली असती तर आकडा नऊच्या खाली कोसळला असता. स्टार्टर आतून जाम असता तर त्यानं भसाभसा करंट ओढून तो पाडला असता. इथं स्टार्टरला करंट पुरेसा पोचतच नव्हता.

पाचव्या-सहाव्या वेळेला चोक आत ढकलायला हात घातला आणि चटका बसला. चोकच्या तारेला कसला आलाय चटका? बॉनेट उघडून पाहिलं तर ॲक्सिलरेटरची केबलही कोमट.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळं बॉडीशी, म्हणजेच बॅटरीच्या निगेटिव्हशी, त्याची विजेची गाठ एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीनं घालून दिलेली असते. ती गेली की स्टार्टरचा करंट मिळेल त्या वाटेनं परततो. आमच्याकडं तो इंजिनपासून डॅशबोर्डपर्यंत जाणाऱ्या चोकच्या तारेनं चालला होता, बिचारीच्या अंगाच्या मानानं कितीतरी जास्त. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावून किल्ली मारली: ३.४ व्होल्ट. तिथं अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच. मग ब्लॉकपासून निगेटिव्हला जंपर केबल जोडली. अर्ध्या फेऱ्यातच इंजिन पेटलं.

गाडीखाली झोपून पट्टी काढली. वरून चिखल, आत हिरवा चुरा. बोल्टजवळ चार तारा शिल्लक होत्या. इतक्या वर्षांचा कोल्हापूरचा पाऊस सगळा तिच्यावरच पडला होता जणू. नवी पट्टी लावली, बॉडीवरचा रंग पत्रा चमकेपर्यंत घासला, वरून व्हॅसलीन.

पट्टी दीडशे रुपयांची. जुनी बॅटरी मी साडेसातशेला मोडीत देऊन बसलोय, आणि ती चांगलीच असणार. हे घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.