तुम्ही विचारलंत म्हणून : तरीवरच्या म्हाताऱ्याची गोष्ट

मी व्हिडिओ गेममधील पात्रे लिहितो हे कळले, की हल्ली बहुतेक जण एकच विचारतात : "आता पात्रांना एआय जोडला की ती आपोआप जिवंत होत असतील ना?" तोंडी उत्तर दर वेळी अर्धवट राहते, म्हणून येथे लिहितो.

पात्र बोलके झाले म्हणजे जिवंत झाले, असा समज या प्रश्नामागे आहे. आमच्या खेळात खाडीच्या तरीवर एक म्हातारा आहे. पैलतीरी गेलेल्या पुतण्याला शोधण्याची क्वेस्ट, म्हणजे कामगिरी, तो खेळाडूला देतो. पहिल्या आवृत्तीत तो धक्क्यावर नुसताच उभा असे आणि खेळाडू जवळ येताच आपली कर्मकहाणी ऐकवू लागे. ती मी जीव ओतून लिहिली होती, पण खेळ तपासून पाहणारे टेस्टर बटण दाबून ती पुढे ढकलत. मग आम्ही त्याला भरती-ओहोटीचे वेळापत्रक दिले. आता तो पाठमोरा बसून जाळे सांधत असतो, विचारल्याखेरीज पुतण्याचा विषय काढत नाही आणि भरती लागली की तुमचे बोलणे अर्ध्यावर टाकून होडीकडे चालू लागतो. त्याच्या निम्म्याहून अधिक ओळी मी कापल्या, तरी तेच टेस्टर तो परतेपर्यंत धक्क्यावर थांबू लागले.

पात्राला स्वतःचा उद्योग देण्याची ही युक्ती आमची नव्हे. 2000 सालच्या 'द सिम्स' या गेममध्ये फ्रीज, पलंग अशा वस्तूच आपण कोणती गरज भागवू शकतो हे पात्रांना कळवत आणि पात्रे त्यांतून निवड करीत. 2006 च्या 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये पात्राला ठरावीक वेळी जेवण्याचे उद्दिष्ट दिलेले असे, अन्न मिळवण्याची वाट ते स्वतः शोधी, आणि स्वभावाने बेफिकीर असलेले पात्र सरळ चोरीही करी.

लँग्वेज मॉडेल, म्हणजे विचारलेल्याला स्वतः वाक्ये रचून उत्तर देणारा एआय, हेही आम्ही म्हाताऱ्याला जोडून पाहिले. तो फर्डे बोलू लागला. एका टेस्टरने सहज पुतण्याच्या आईविषयी विचारले, तर तिचे चांदीचे पैंजण देवळामागे पुरलेले आहेत, असे त्याने ठोकून दिले. खेळात पैंजण नव्हते, देऊळही नव्हते. बिचारा टेस्टर तासभर किनारा पालथा घालत होता. विचारणाऱ्याला रिकाम्या हाती न पाठवणे हा मॉडेलचा स्वभाव आहे, म्हाताऱ्याचा नव्हे. म्हणून क्वेस्ट कोणत्या टप्प्यावर आहे, बक्षीस काय द्यायचे आणि म्हाताऱ्याला नेमके काय ठाऊक आहे, हे सारे आता कोडमध्ये पक्के बांधलेले असते. मॉडेलने फक्त त्याला शब्द पुरवायचे. त्याला नकार द्यायला शिकवण्यातच आमचा सर्वाधिक वेळ गेला. आता पुतण्याच्या आईविषयी विचारले, तर तो "ठाव नाय" एवढेच म्हणतो आणि पुन्हा जाळ्याकडे वळतो.